नवा फोन कोणाच्या हाती

घरात फोन वरून खाली उतरतात. नवा येतो तो कमावत्या माणसासाठी, नाहीतर शिकणाऱ्या पोरासाठी. त्याचा जुना बायकोकडे जातो, बायकोचा त्याहून जुना सासूकडे, आणि सासूचा बटणांचा फोन खुंटीवरच्या पिशवीत. शेवटच्या हातात पोहोचेपर्यंत काच तडकलेली असते, बॅटरी दुपार गाठत नाही, चार्जरची पिन तिरकी धरून ठेवली तरच लागते आणि आतली जागा कोणाकोणाच्या लग्नांच्या व्हिडिओंनी भरलेली असते. ही उतरंड कोणी बसून ठरवलेली नाही. पंगतीत आधी कोण बसणार हे जसं न बोलता ठरत आलं, तसंच हेही ठरत गेलं.

यंदा सोयाबीन निघालं आणि आमच्याकडे पुढचा स्मार्टफोन घ्यायची बोलणी सुरू झाली. पुतण्या कॉलेजात आहे. त्याने रात्रीतून यादी केली. प्रोसेसर, रॅम, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, पडद्याचे हर्ट्झ. यादी चांगली होती, अभ्यासून केलेली होती. मी एवढंच म्हटलं की कोणता घ्यायचा हे नंतर पाहू, आधी कोणाला घ्यायचा ते ठरवू. आणि माझ्या मते तो आत्याबाईंना घ्यायला हवा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात क्षणभर सगळे गप्प झाले आणि सगळ्यात आधी विरोध केला तो आत्याबाईंनीच.

"मले काय करायचा वं येवढा महागाचा फोन? पोराले घ्या."

डोणगाव मेहकर तालुक्यातलं गाव, मेहकरहून मालेगावकडे निघालं की रस्त्यात लागणारं. काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, रबीत हरभरा आणि गहू. समृद्धी महामार्ग जवळून गेला, गाड्या सुसाट निघून जातात. पण शेत तिथंच आहे आणि शेताची कामंही तीच आहेत. बदललं ते एवढंच की त्यातली निम्मी कामं आता हातातल्या पडद्यावरून होतात. सासरे गेल्यावर फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आत्याबाईंचं नाव लागलं. त्यामुळे पीएम किसानचा हप्ता त्यांच्या खात्यात, पीक विमा त्यांच्या नावाने, सोसायटीचं कर्ज त्यांच्या नावाने. २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला, तोही त्यांचाच. या प्रत्येक ठिकाणी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर आमच्या घरात स्मार्टफोनची सगळ्यात जास्त गरज असलेलं माणूस हेच. आणि त्यांच्या हातात काय होतं? तीन हातांतून फिरून आलेला, कोपऱ्यातून फुटलेला फोन. त्याआधी तर त्यांचं सिम कित्येक दिवस दिरांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत राहत होतं. दीर शेतात असले की ओटीपीही शेतात, आणि आत्याबाई सेतू केंद्राच्या बाकावर.

ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची असं ठरलं. पूर्वी तलाठी करायचा ते काम. गाव निवडायचं, खातं निवडायचं, गट नंबर, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, आणि मग शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात. गटाच्या हद्दीपासून लांब उभं राहिलं तर नोंद पुढे सरकत नाही. कल्पना मला मनापासून पटलेली आहे. आपल्या पिकाची साक्ष आपणच द्यायची, यात शेतकऱ्याचा मान आहे. पण ही साक्ष द्यायची ती ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा आमच्याकडे काय असतं ते बघा. सोयाबीन मांडीपर्यंत आलेलं, पायाला काळ्या चिखलाचे जोडे चढलेले, वरून झिमझिम. आत्याबाई पदराने काच पुसतात, बोट पुसतात, पुन्हा काच पुसतात. ओल्या काचेला बोट कळत नाही. फोन भलतंच काही उघडतो. ढग सरकून ऊन पडलं की पडदा काळा होतो, त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो, बटण दिसत नाही. मग फोटो निघतो आणि फोन सांगतो, जागा शिल्लक नाही. पुतण्याच्या मित्राच्या हळदीचा व्हिडिओ तिथंच बांधावर बसून उडवावा लागला, तेव्हा कुठे सोयाबीनच्या फोटोला जागा झाली.

ही नोंद राहिली तर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको. सातबाऱ्यावर पीक लागत नाही. हमीभावाच्या खरेदीला आणि नुकसानभरपाईला तीच नोंद पाहतात. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा होता, आणि शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं होतं. पावसाने झोडपून काढलेल्या रानात, लाइन गेलेली असताना, बॅटरी दहा टक्क्यांवर आलेली असताना ७२ तास किती लवकर सरतात! अशा वेळी फोन चैनीची वस्तू उरत नाही. आपल्या हक्काचं दार त्यातून उघडतं, आणि ज्याच्या हाती फुटका फोन त्याचं दार अडकतं.

पुतण्याशी माझं खरं बोलणं झालं ते इथं. तो म्हणाला, "काकू, आजीला काय लागतं? फोन घेणं, व्हॉट्सॲप आणि कीर्तन. तिला साधा चालेल." हा समज मला सगळीकडे भेटतो: कमी वापरणाऱ्याला हलका फोन पुरतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्याला सराव आहे, तो वाईट फोनवरही काम काढून घेतो. ॲप अडकलं की बंद करून उघडतो, जागा मोकळी करतो, नेटवर्क गेलं की विमान मोड लावून काढतो. ज्याला सराव नाही त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. फोन अडकला की त्याला वाटतं आपलंच चुकलं. दोनचारदा असं झालं की तो हात आखडता घेतो, मग फोन दुसऱ्याच्या हातात देतो, आणि तिथून पुढे आपल्या कामासाठी दुसऱ्याच्या सवडीवर राहतो. म्हणून घरातला सगळ्यात कमी अडकणारा फोन, सगळ्यात कमी सराव असलेल्या माणसाकडे जायला हवा.

हे फक्त घरापुरतं नाही. २०१९ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने कामासाठी मोबाइल दिले. २ जीबी रॅमचे. वजन, उंची, आहार, लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं त्यावर भरायचं. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. ते या फोनमध्ये नीट चालेना, आणि त्यात माहिती भरायची ती इंग्रजीत. फोन तापायचे, अडकायचे, बिघडले तर दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे मोबाइल सरकारला परत केले. तालुक्या-तालुक्यात पिशव्या भरून फोन जमा झाले. मला ही महाराष्ट्रातल्या मोबाइलच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते, आणि तिची आठवण कोणी काढत नाही याचं वाईट वाटतं. हजारो बायांनी एकमुखाने सांगितलं की हे यंत्र आमच्या कामाचं नाही, आणि आमची भाषा त्यात नाही. फोन कसा निवडू नये याचा तो धडा होता: सगळ्यात जड काम सगळ्यात खालच्या माणसाकडे, आणि त्याच्याच हाती सगळ्यात कमजोर यंत्र.

उलट उदाहरणही आमच्याच घरात होऊन गेलं. सासऱ्यांकडे नोकियाचा ११०० होता. २००३ साली निघालेला, जगभरात २५ कोटींच्या वर खपलेला. त्याच्या डोक्यावर विजेरी होती. बटणांवर अखंड रबरी आवरण, त्यामुळे आत धूळ जात नसे. मागची बाजू अशी की घामेजल्या हातातून निसटत नसे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची लाइन यायची रात्री. सासरे अंगावर घोंगडं घेऊन, तोंडात फोन धरून बारे फोडायला जात. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन दातात! विंचूकाट्याच्या रानात त्या इवल्याशा उजेडाचं मोल काय होतं, ते रात्री पाणी दिलेल्या माणसालाच विचारावं. त्या फोनमध्ये कॅमेरा नव्हता, रंग नव्हते, इंटरनेट नव्हतं. पण तो बनवणाऱ्या कोणीतरी अशा माणसाची रात्र नीट पाहिलेली होती. आताचा स्वस्त स्मार्टफोन पाहिला की मला तसं वाटत नाही. तो महागड्या फोनची छाटून लहान केलेली आवृत्ती असतो. मागे तीन-तीन कॅमेऱ्यांची वर्तुळं, त्यातली एक-दोन फक्त २ मेगापिक्सेलची, निव्वळ दिसायला. ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं. पण चार-चार बिंदू जोडून फोटो शेवटी साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो. गटातल्या पिकाच्या फोटोला तेवढा चिक्कार झाला.

तर प्रश्न बदलला आणि पुतण्याची यादीही बदलली. खरं सांगायचं तर नंतरचं सगळं खोदकाम त्यानेच केलं, आणि ते मन लावून केलं.

त्याने पहिल्यांदा पाहिला तो पडद्याचा उजेड. हा निट्समध्ये मोजतात. पाचशेच्या आतबाहेरचा पडदा घरात छान दिसतो, उन्हात गेला की मावळतो. हजाराच्या वरचा उन्हातही वाचता येतो. हर्ट्झ किती हे आत्याबाईंना कधी कळणार नाही. पण ऑक्टोबरच्या उन्हात बांधावर उभं राहून अक्षर दिसलं की नाही, हे पहिल्या दिवशी कळेल. मग नेटवर्क. फोनच्या खोक्यावर फाइव्ह-जी लिहिलेलं असतं, पण कोणत्या बँडवर ते कोणी सांगत नाही. ३५०० मेगाहर्ट्झची लहर वेगवान, पण दूर जात नाही आणि भिंतीला अडते. ७०० मेगाहर्ट्झची लांबवर जाते, घरात शिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने देशी बनावटीचं फोर-जी देशभर सुरू केलं, त्यातही हा ७०० चा बँड आहे, बँड २८ म्हणतात तो. शहरातल्या माणसाला याने काही फरक पडत नसेल. गावापासून दूरच्या शेतात पडतो. ज्या कंपनीचं सिम आहे तिचा कमी मेगाहर्ट्झचा बँड त्या फोनमध्ये आहे का, एवढं पाहूनच पुढे जावं. ई-पीक पाहणीत फोटो काढून ठेवून नेटवर्कमध्ये आल्यावर पाठवण्याची सोय आहे, हे खरं. पण ओटीपीला तशी सोय नाही.

तिसरी गोष्ट धूळ आणि पाणी. आयपी नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ म्हणजे धूळ बऱ्यापैकी रोखतो आणि शिंतोडे सोसतो. ६७ म्हणजे धूळ आत जातच नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. मळणीयंत्र चालू असताना सोयाबीनचं कुटार कसं उडतं ते पाहिलं आहे का? कानात, नाकात, पापण्यांवर बसतं. स्पीकरच्या जाळीत आणि चार्जरच्या भोकात बसणारच. त्या धुळीनेच आमच्या आधीच्या फोनची पिन तिरकी धरायची वेळ आणली होती.

बॅटरीबद्दल माझं एक ठाम मत आहे. लोक मोठा आकडा पाहतात, ५००० की ६०००. आमच्याकडे त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती किती लवकर भरते. शहरात जलद चार्जिंग हा घाईचा मामला असेल. गावात लाइन येते-जाते, आली तेवढ्यात भरून घ्यायचं असतं. मात्र लिथियमच्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, टिनपत्र्याच्या खोलीत खिडकीशी फोन चार्जिंगला लावलेला, वर उशी. अशी बॅटरी वर्षभरात थकली तर तिचा काय दोष? युरोपात जून २०२५ पासून नियम आला की ८०० वेळा भरून-उतरून झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के ताकद उरली पाहिजे, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरची दुरुस्ती मिळत राहिली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं आणि २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली; सक्तीचा नियम व्हायला हवा. फोन दुरुस्त होतो का, याचा आकडा खोक्यावर छापलेला असता तर मी सगळ्यात आधी तोच वाचला असता.

सॉफ्टवेअरची दुरुस्ती म्हणजे अपडेट. इथं घरातल्या सगळ्यांना मी बजावून सांगितलं की किमतीनंतर दुसरा प्रश्न हाच विचारायचा: अपडेट किती वर्षं? १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनवर व्हॉट्सॲप चालेनासं झालं. फोन धडधाकट, पण बिनकामाचा. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं तेव्हा तो फोन आपल्या आवाक्यातला नव्हता. पण पुढच्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ सारख्या मध्यम किमतीच्या फोनला सहा वर्षं दिली. हे फार चांगलं झालं. कारण म्हातारं माणूस नवा फोन एकदा शिकतं. दर दोन वर्षांनी चिन्हांच्या जागा बदलल्या की पुन्हा पहिल्यापासून.

आता पैसे. सोळा हजारांचा फोन घ्यायचा म्हणजे काय? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल. पण खुल्या बाजारात भाव चार हजारांच्या आसपास फिरत होता, म्हणजे चार क्विंटल. हमीभाव मिळाला की नाही यावर एका फोनमागे एक क्विंटल सोयाबीन कमी-जास्त होतं. त्या सोळा हजारांत १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २,४०० रुपये. एप्रिल २०२० पूर्वी तो १२ टक्के होता. ज्या यंत्रावाचून सरकारी योजनेत नाव लागत नाही त्यावरचा कर कमी असावा, असं मला वाटतं. दुकानदार सांगत होता की भाव अजून वाढतील, कारण एआयच्या मोठ्या केंद्रांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी संगणकांची कोठारं उभारतं आणि डोणगावात फोनची किंमत वाढते.

नऊ हजारांचा फोन घेतला असता तर? तो दोन वर्षांत थकतो असं धरलं, तर वर्षाला साडेचार हजार. सोळा हजारांचा पाच वर्षं चालला तर वर्षाला बत्तीसशे. हा हिशेब दिरांना लगेच पटला, कारण बियाणं आणि मोटार घेताना ते असाच करतात. हप्त्यांवर घ्यायला मात्र मी ठाम नाही म्हटलं. हप्त्यावरच्या काही फोनमध्ये पैसे थकले की फोनच कुलूपबंद करण्याची तजवीज असते. शेतातला पैसा महिन्याच्या ठरल्या तारखेला येत नसतो. फोन बंद पडला की ओटीपीही बंद, आणि मग ज्या पैशातून हप्ता भरायचा तोच अडकणार. हे चक्र घरात आणायचं नव्हतं. जुना वापरलेला फोन घेण्याचाही विचार झाला. तो घ्यायचा असेल तर आधी तारा-चौकट-शून्य-सहा-चौकट दाबून आयएमईआय काढावा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून घ्यावा; चोरीचा निघाला तर तो बंद होतो आणि पैसेही जातात.

या सगळ्या बोलण्यात आत्याबाई तूर निवडत बसलेल्या असत. एका संध्याकाळी सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "एक सांगू का? माह्या नावचे पैसे आले का न्हाई, हे मले दुसऱ्याले इचारा लागते."

एवढंच. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. पण मला त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही कारणाची गरज उरली नाही. उतरून आलेल्या फोनमध्ये दुसऱ्याचं खातं उघडं असतं, दुसऱ्याचे फोटो असतात, कुलपाचा नमुना दुसऱ्याला ठाऊक असतो. बँकेचा मेसेज येतो तो आधी कोणीतरी वाचतं आणि मग सांगतं, किंवा सांगायचं राहून जातं. कोणाच्या मनात वाईट नसतं. पण आपल्या नावाचे पैसे आले हे आपल्याला आपल्या डोळ्यांनी दिसणं, आणि ते कोणाकडून तरी कळणं, यात किती अंतर आहे! स्वतःचा फोन असला की माहेरच्या बहिणीशी बोलताना तो स्पीकरवर असावा लागत नाही, हेही त्यातच येतं.

घरच्यांची भीती वेगळी होती, आणि ती खोटी नव्हती. आरटीओचं चलान, पीएम किसानची यादी, लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फायली फिरतात. उघडली की खातं रिकामं. आजीने कुठं बोट लावलं तर? माझं उत्तर असं की बोट कोणीही लावतं, शिकलेलेही लावतात. बाहेरून आलेलं ॲप बसवण्याची मुभा फोनमध्ये बंद करून ठेवावी, अपडेट चालू ठेवावेत, १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून भिंतीला चिकटवावा. भीतीपोटी माणसाला त्याच्याच खात्यापासून लांब ठेवणं हा उपाय नव्हे.

दुकान गावातलंच निवडलं. ऑनलाइन हजारभर रुपये वाचले असते. पण आवाज येत नाही, अक्षर लहान झालं, सिम बसत नाही, असं काही झालं की आत्याबाई चालत जाऊ शकतील असं ते दुकान आहे. ते हजार रुपये त्या सोयीचेच, आणि ते दुकानदाराला मिळावेत.

दोन फोन समोर ठेवले. पुतण्याने दोन्हींत मराठी लावली, अक्षर मोठं केलं. मग एक गोष्ट दिसली जी कोणत्याच यादीत नव्हती. अक्षर मोठं केलं की काही ॲपमध्ये 'पुढे जा'चं बटण पडद्याच्या खाली निघून जातं आणि वर सरकवताही येत नाही. काम तिथंच खुंटतं. ज्याला मोठं अक्षर लागतं त्याच्यासाठी दार बंद, आणि दोष कोणाचा तर वयाचा! यातल्या एका फोनचा पडदा लांबीला जास्त होता, त्यात ते बटण जेमतेम मावलं. बोटाच्या ठशाचंही तसंच. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बोटांवर रेषा राहिलेल्या नसतात. पडद्याखालच्या सेन्सरने आत्याबाईंचा अंगठा ओळखलाच नाही. बाजूच्या बटणावरच्या सेन्सरने तर्जनी ओळखली, चार वेळा नाही म्हणून पाचव्या वेळी. पीएम किसानने २०२३ मध्ये चेहऱ्यावरून ई-केवायसीची सोय केली ती अशाच हातांसाठी. तेव्हा पुढचा कॅमेराही बरा हवा, हे तिथं लक्षात आलं.

"उन्हात पाहू द्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि दोन्ही फोन घेऊन दुकानाच्या पायरीखाली उतरल्या. डोक्यावर ऊन. एकदा हा, एकदा तो. पदराची सावली न धरता. दुकानदारही मागे आला. म्हणाला, फोन असा पाहणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं. लांब पडद्याचा, बाजूच्या सेन्सरचा त्यांनी उजव्या हातात धरून ठेवला आणि दुसरा परत दिला. हातातल्याचं चार्जिंग सावकाश होतं, पुतण्या ते पुन्हा पुन्हा सांगत होता. अपडेट सहा वर्षांचे होते. आत्याबाईंनी विचारलं, झाकण उघडून बॅटरी निघते का? निघत नाही म्हटल्यावर त्यांना ते आवडलं नाही, आणि मलाही आवडत नाही.

पैसे रोख मोजले. बिल आत्याबाईंच्या नावाने करायला सांगितलं. दुकानदाराने सवयीने पुतण्याकडे पाहून मोबाइल नंबर विचारला. आत्याबाईंनी दहाही आकडे न थांबता सांगितले. पुतण्याच्या जुन्या फोनला नवी बॅटरी टाकायचं ठरलं, ते काम तो पुढच्या आठवड्यात मेहकरला करणार आहे. लाल रंगाचं कव्हर इथं मिळालं नाही, तेही तिकडूनच आणायचं त्याला सांगितलं आहे. हरभऱ्याची पाहणी डिसेंबरात सुरू होते. गट नंबर आत्याबाईंनी कव्हरच्या आत ठेवायच्या चिठ्ठीवर आत्ताच लिहून घेतले आहेत.